राणीच्या बागेची आवक, जन्म आणि मृत्यू यांची नोंदवही : प्रकल्प नोंदी

2 डिसेंबर 2024

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, म्हणजेच मुंबईकरांची राणीची बाग, येथे अलीकडच्या वर्षांत आलेल्या, जन्मलेल्या आणि मरण पावलेल्या प्राण्यांची प्राणीनिहाय नोंदवही तयार करण्याच्या कामाला आज सुरुवात झाली. आम्ही तिघे हे काम करणार आहोत : कागदपत्रे गोळा करून मजकूर लिहिणारा मी, संगणकावर तक्ते मांडणारी प्राणिशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, आणि वैद्यकीय नोंदी तपासून देण्यास तयार झालेले एक निवृत्त पशुवैद्य, ज्यांना आम्ही दोघेही डॉक्टरसाहेब म्हणतो. वार्षिक अहवाल, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे जाणारी वार्षिक प्राणी-यादी आणि वृत्तपत्रांत आलेली अधिकृत निवेदने, एवढ्याच जाहीर साधनांवर आम्ही अवलंबून राहू. ज्या गोष्टीला लेखी आधार नाही ती नोंदवहीत येणार नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

हे काम हाती घेण्याचे कारण येथे लिहून ठेवतो. प्राणिसंग्रहालयात पिल्लू जन्मले की त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येते, त्याचे बारसे होते, शाळांच्या सहली येतात. तोच प्राणी पुढे आजारी पडून गेला, तर चार ओळींची बातमी येते आणि वर्षाअखेरच्या तक्त्यात मृत्यूच्या रकान्यात एक आकडा वाढतो. एखादा विशिष्ट प्राणी कोठून आला, कोणापासून झाला, किती जगला आणि कशाने गेला, ही साखळी एका ठिकाणी सलग वाचायला मिळत नाही. ती मिळावी, एवढ्यासाठी ही नोंदवही आहे. महाराष्ट्रातील इतर प्राणिसंग्रहालयांतील ज्या घटनांचा आपल्या नोंदींशी संबंध येईल, त्याही सोबत घेऊ. नोंदवहीचा आरंभ 1 एप्रिल 2016 पासून धरला आहे, कारण बागेच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी आवक त्याच आर्थिक वर्षातली आहे.

9 डिसेंबर 2024

आजचा सर्व वेळ रकाने ठरवण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला.

प्राणिसंग्रहालय मान्यता नियम, 2009 प्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाने जन्म, आवक, जावक आणि मृत्यू यांची नोंद ठेवावी लागते आणि 31 मार्च रोजीची प्राणी-यादी 30 एप्रिलपर्यंत प्राधिकरणाला पाठवावी लागते. या यादीत डावीकडे प्रजातीचे नाव, मग वर्षारंभीची शिल्लक, मग जन्म, आवक, जावक, मृत्यू आणि शेवटी वर्षअखेरची शिल्लक असते. प्रत्येक रकान्यात नर, मादी आणि लिंग न कळलेले प्राणी असे तीन आकडे लिहायचे असतात. म्हणजे 3:5:0 याचा अर्थ तीन नर, पाच माद्या आणि लिंग न कळलेला एकही नाही.

ही पद्धत हिशेबासाठी उत्तम आहे. आरंभीच्या शिल्लकीत जन्म आणि आवक मिळवा, जावक आणि मृत्यू वजा करा, अखेरची शिल्लक जुळलीच पाहिजे. प्राणी परस्पर नाहीसा होऊ नये, यासाठी हा ताळा फार महत्त्वाचा आहे. मात्र या तक्त्यात प्रजाती दिसते, प्राणी दिसत नाही. म्हणून आमच्या नोंदवहीत प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र ओळ मिळेल, आणि त्या ओळींची बेरीज वार्षिक यादीशी ताडून पाहिली जाईल.

डॉक्टरसाहेबांनी एक रकाना आग्रहाने वाढवायला लावला : जन्मानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू. ते म्हणाले, "प्रौढ प्राण्याचा मृत्यू आणि आठवड्याच्या पिल्लाचा मृत्यू एकाच आकड्यात मिसळले, की त्या आकड्यातून काही शिकता येत नाही. पहिल्याची कारणे आहारात, वयात, संसर्गात शोधायची. दुसऱ्याची कारणे आईकडे, अंड्याकडे आणि पहिल्या चार दिवसांकडे जाऊन शोधायची." हा रकाना घातला आहे.

19 डिसेंबर 2024

पेंग्विनच्या आवकेची नोंद आज पूर्ण केली. 26 जुलै 2016 रोजी दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन विमानाने मुंबईत आणण्यात आले. त्यांत तीन नर आणि पाच माद्या होत्या, त्यामुळे आवकेच्या रकान्यात 3:5:0 लिहिले. नावे डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह, बबल, मिस्टर मोल्ट, फ्लिपर आणि डोरी. नवा प्राणी आल्यावर त्याला इतरांपासून वेगळे, विलगीकरणात ठेवले जाते. प्रवासाचा ताण, पाणी बदलणे, खाणे बदलणे, आणि सोबत आलेला पण अजून न दिसलेला आजार, या सगळ्यांसाठी तो काळ कसोटीचा असतो. कायमचा कक्ष तयार होईपर्यंत हे आठही पक्षी अशाच तात्पुरत्या कक्षात होते.

तेथेच 23 ऑक्टोबर 2016 रोजी डोरी गेली. ती साधारण दीड वर्षाची होती. मृत्यूचे कारण जिवाणूंचा संसर्ग असे नोंदवले गेले. लोकांसाठी पेंग्विन कक्ष मार्च 2017 मध्ये खुला झाला, त्यामुळे डोरीला मुंबईच्या प्रेक्षकांनी पाहिलेच नाही. वर्षअखेरचा हिशेब : आवक 3:5:0, मृत्यू 0:1:0, शिल्लक 3:4:0. तक्ता बरोबर जुळतो.

हा पक्षी अंटार्क्टिकाच्या बर्फातला नाही, हे नोंदवहीच्या प्रस्तावनेत ठळकपणे सांगावे लागेल. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो. तेथील समुद्रातून वाहणाऱ्या थंड प्रवाहावर त्याचे मासे अवलंबून असतात, आणि तो समुद्रपक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेच्या थरात, म्हणजे ग्वानोत, बिळे करून अंडी घालतो. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खणून नेले गेले आणि घरट्यांची जागाच गेली. जागतिक पातळीवर ही प्रजाती असुरक्षित गटात मोडते. अशा प्रजातीचा एकेक पक्षी मोजून, नाव घेऊन नोंदवण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

4 जानेवारी 2025

राणीच्या बागेचे काम बाजूला ठेवून आज नागपूरची नोंद करावी लागत आहे. गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबरच्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने नमुने तपासून ही एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूची लागण असल्याचे कळवले आहे. राज्यातील प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीच्या सूचना गेल्या आहेत.

बर्ड फ्लू हा पक्ष्यांचा आजार असला तरी मांजरकुळातील प्राण्यांना तो जिवावर बेततो, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील सिराचा येथील व्याघ्र संग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्यानंतर हा विषाणू वाघांत पसरला आणि तेथील 441 वाघांपैकी 147 वाघ दगावले किंवा त्यांना मारावे लागले. त्या घटनेत वाघाकडून वाघाला लागण झाल्याचेही पुरावे मिळाले. वाघांच्या आहारात कोंबडी कोठून येते, ती शिजवलेली असते की कच्ची, आणि ती देणारा माणूस कोणकोणत्या पिंजऱ्यांत जातो, या प्रश्नांची उत्तरे मृत्यूच्या नोंदीला जोडूनच असायला हवीत. म्हणून आमच्या नोंदवहीत 'मृत्यूपूर्व आहार व स्थलांतर' असा रकाना आज वाढवला.

या रकान्यातील दुसरा शब्दही महत्त्वाचा आहे. गोरेवाड्यातील हे वाघ चंद्रपूर परिसरातून मानव आणि वन्यप्राणी यांच्या संघर्षानंतर पकडून आणलेले होते. पकडणे, बेशुद्ध करणे, प्रवास, नवी जागा, आणि त्यावर संसर्ग. यांतील कोणत्या गोष्टीने प्रतिकारशक्ती किती खचली हे वेगळे काढता येत नसले, तरी तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की पुढे अभ्यास करणाऱ्याच्या नजरेतून क्रम सुटत नाही.

दोन दिवस या बातमीने मन उदास आहे. जंगलात जन्मलेले, तेथेच वाढलेले प्राणी वाचवण्यासाठी आणले होते.

22 जानेवारी 2025

बोरिवलीहून चांगली बातमी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील मानसी या सिंहिणीने या महिन्यात पिल्लाला जन्म दिला. मानस आणि मानसी ही जोडी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आली आणि बदल्यात बोरिवलीहून वाघांची जोडी तिकडे गेली. बोरिवलीत सिंहाच्या पिल्लाचा जन्म फार वर्षांनी झाला आहे.

एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी कशा होतात, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण घेतले. सक्करबागेच्या यादीत सिंह जावकेत आणि वाघ आवकेत दिसतात, बोरिवलीच्या यादीत बरोबर उलटे. प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी देवाणघेवाण करता येत नाही, त्यामुळे परवानगीचा कागद हा दोन्ही नोंदींना बांधणारा दुवा ठरतो. पुढे कोणाला या पिल्लाचे मूळ शोधायचे झाले, तर त्याला बोरिवलीच्या जन्माच्या रकान्यातून निघून जुनागढच्या वंशावळीपर्यंत जाता आले पाहिजे.

6 फेब्रुवारी 2025

आजची नोंद लांबणार आहे, कारण आम्ही तिघांनी आज सबंध दुपार एका सात दिवसांच्या पिल्लावर घालवली.

फ्लिपर आणि मिस्टर मोल्ट या जोडीने 5 जुलै 2018 रोजी अंडे घातले. हम्बोल्ट पेंग्विनमध्ये नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवतात आणि त्याला सुमारे चाळीस दिवस लागतात. 15 ऑगस्ट 2018 च्या संध्याकाळी पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेले पहिले पेंग्विनचे पिल्लू म्हणून देशभर त्याची बातमी झाली. 22 ऑगस्टला ते मरण पावले. शवविच्छेदनात पीतक-कोश शोषला न जाणे आणि यकृताचे कार्य बिघडणे ही कारणे समोर आली.

डॉक्टरसाहेबांनी हे कारण आम्हाला कागदावर आकृती काढून समजावून सांगितले. अंड्यातील पिवळा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. कवच फोडून बाहेर येण्याच्या सुमारास उरलेला बलक त्याच्या कोशासह पिल्लाच्या पोटात ओढला जातो, आणि पहिले काही दिवस, आईबापांकडून पुरेसा घास मिळेपर्यंत, पिल्लू त्यावर जगते. या काळात कोश हळूहळू आकसत जाऊन नाहीसा व्हायला हवा. तो तसाच राहिला तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते : पिल्लाला मिळायचे ते पोषण आणि प्रतिकारशक्तीची द्रव्ये मिळत नाहीत, आणि तोच बलक पोटात जिवाणूंना वाढायला जागा देतो. बाहेरून पाहणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस पिल्लू ठीक दिसू शकते. पोट किंचित फुगलेले असणे आणि वजन अपेक्षेप्रमाणे न वाढणे, एवढ्याच खुणा असतात.

विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग हे 2018-19 च्या यादीत कसे दिसते?" आम्ही ते मांडून पाहिले. वर्षारंभीची शिल्लक सात. जन्म 0:0:1, कारण एका आठवड्याच्या पिल्लाचे लिंग नुसते पाहून सांगता येत नाही. मृत्यू 0:0:1. वर्षअखेरची शिल्लक पुन्हा सात. म्हणजे केवळ दोन्ही टोकांची शिल्लक पाहणाऱ्याला या वर्षात पेंग्विन कक्षात काहीच घडले नाही असे वाटेल, प्रत्यक्षात मात्र त्या सात दिवसांत देशातील पेंग्विन-संगोपनाचा पहिला मोठा धडा मिळालेला असतो. मृत्यूची कारणे शवविच्छेदनासह नोंदवून निदान सहा वर्षे जपून ठेवण्याचा नियम यासाठीच आहे, आणि माझ्या मते सहा वर्षे पुरेशी नाहीत. पेंग्विन संग्रहालयात पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. त्याच जोडीचे पुढचे अंडे हाताळणाऱ्याला मागच्या पिल्लाचा अहवाल हाताशी असला पाहिजे.

त्याच जोडीला 19 ऑगस्ट 2021 रोजी ऑस्कर झाला आणि तो जगला. त्याआधी 1 मे 2021 रोजी डोनाल्ड आणि डेझी यांचा ओरिओ जन्मला होता. या दोन नोंदींच्या शेजारी 2018 च्या पिल्लाची ओळ असलीच पाहिजे. त्याला नाव दिले गेले नव्हते, म्हणून आम्ही त्याची ओळ आईबापांची नावे आणि जन्मतारीख यांवरून ओळखली जाईल अशी केली.

24 फेब्रुवारी 2025

पेंग्विन कक्षात पाहणीसाठी गेलो. सोमवार असूनही गर्दी होती. काचेच्या आत तापमान साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास राखलेले असते आणि काचेबाहेर फेब्रुवारीतली मुंबई.

छातीवरचे काळे ठिपके जवळून पाहिले. प्रत्येक पक्ष्याच्या पांढऱ्या छातीवर ठिपक्यांची मांडणी निराळी असते : एकाच्या गळ्याखालच्या काळ्या पट्ट्याला लागून तीन ठिपके एका रेषेत, दुसऱ्याच्या डाव्या बाजूला एकच मोठा डाग, तिसऱ्याला जवळपास काहीच नाही. पिसे झडून नवी आली तरी प्रौढ पक्ष्याच्या ठिपक्यांची मांडणी बदलत नाही. पंखाच्या मुळाशी ओळखीसाठी रंगीत पट्टी असते, पण पट्टी हरवली तरी हे ठिपके साक्षीला राहतात. म्हणूनच नोंदवहीत शक्य तेथे प्रत्येक पक्ष्याच्या छातीचे रेखाचित्र घालायचे ठरवले.

खाण्याच्या वेळी बादलीतून एकेक मासा हाताने दिला जातो. बांगडा आणि बोंबील मुंबईच्या माणसाला ओळखीचे, आणि सोलहून आलेल्या या पक्ष्यांनी ते स्वीकारले. मासा डोक्याकडून गिळला जातो. शेपटीकडून हातात आला तर पक्षी तो चोचीत फिरवून घेतो, आणि हे करताना तो कोणता पक्षी आहे, त्याने किती मासे घेतले, हे कर्मचारी लगेच टिपतो. भूक मंदावणे हे आजाराचे पहिले लक्षण असते, त्यामुळे रोजच्या या हिशेबाला आमच्या मृत्यूच्या रकान्याइतकेच महत्त्व आहे. मृत्यूची नोंद खरे तर तेथे, त्या बादलीपाशी सुरू होते.

17 मार्च 2025

वाघांची नोंद. शक्ती आणि करिश्मा ही जोडी 2020 च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून भायखळ्याला आली. 14 नोव्हेंबर 2021 रोजी त्यांना मादी बछडा झाला. तिचे वीरा हे नाव आणि ऑस्करचे नाव 2022 च्या जानेवारीत एकाच वेळी जाहीर झाले. सिद्धार्थ उद्यान हे वाघांच्या जन्मांसाठी राज्यात ठळक नाव आहे : तेथे 25 डिसेंबर 2020 रोजी समृद्धी या वाघिणीने एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला होता.

येथे वंशनोंदवहीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. एका प्रजातीचे जेवढे प्राणी बंदिवासात आहेत तेवढ्यांची आई, वडील, जन्मस्थान, स्थलांतरे आणि मृत्यू यांची एकच सामायिक वही म्हणजे वंशनोंदवही. युरोपीय गवा जंगलातून नामशेष झाला तेव्हा उरलेल्या मोजक्या प्राण्यांवरून त्याला परत उभे करताना अशा वहीचा उपयोग झाला, आणि नंतर इतर प्रजातींसाठी ही पद्धत रुजली. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अशा राष्ट्रीय वंशनोंदवह्या प्रसिद्ध करते. जोडी जुळवताना नर-मादीचे नाते किती जवळचे आहे हे तेथे तपासता येते. एका संग्रहालयात भरपूर बछडे जन्मले आणि तेथूनच राज्यभर वाघ गेले, तर काही वर्षांत बहुतेकांचे आजी-आजोबा तेच निघतात. म्हणून जन्मांचा आकडा मोठा असणे ही आनंदाची गोष्ट असली, तरी तो आकडा वंशनोंदवहीसमोर ठेवूनच वाचला पाहिजे.

30 एप्रिल 2025

आज वार्षिक यादी पाठवण्याची शेवटची तारीख. यंदाच्या यादीत राणीच्या बागेतील पेंग्विनची संख्या 21 वर गेली आहे, कारण मार्चमध्ये तीन पिल्ले जन्मली. 31 मार्चच्या आत जन्मल्यामुळे ती 2024-25 च्या जन्मांत धरली जातात. नावे नॉडी, टॉम आणि पिंगू.

19 मे 2025

उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात या महिन्यात एक वाघीण बर्ड फ्लूने मरण पावली. तेथील संग्रहालये काही काळ बंद ठेवावी लागली. गोरेवाड्याच्या नोंदीला ही नोंद जोडली. डॉक्टरसाहेबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले, आणि ती आमच्या 21 पक्ष्यांच्या दृष्टीने काळजीची आहे : 2023 मध्ये हाच विषाणू दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा चिलीत हजारो हम्बोल्ट पेंग्विन मरण पावले. बंदिस्त, गाळलेल्या हवेच्या कक्षात राहण्याचा फायदा अशा वेळी कळतो, पण मासे, बूट आणि हात हे तीन मार्ग उरतातच.

16 जून 2025

पेंग्विनच्या तिन्ही पिल्लांना मराठी नावे द्यावीत, अशी मागणी सध्या चर्चेत आहे. नोंदवहीवर तिचा परिणाम होणार नाही, कारण नाव बदलले तरी ओळ, क्रमांक आणि आईबाप तेच राहतात. नावांचा रकाना बदलता येईल असाच ठेवला आहे. मला स्वतःला मराठी नावे आवडतील.

आजचे मुख्य काम मत्स्यालयाचे. मुंबईत मत्स्यालय म्हटले की मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय आठवते. ते 1951 मध्ये सुरू झाले, मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहे, 2015 मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा खुले झाले होते, आणि इमारतीच्या अवस्थेमुळे आता बंद आहे. माशांची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न त्यानिमित्ताने आमच्यासमोर आला. एका टाकीत दोनशे लहान मासे असतील तर प्रत्येकाला ओळ देणे शक्य नाही. तेथे टाकी हाच घटक मानून गटाची नोंद होते : किती सोडले, किती मेलेले काढले, मोजदादीत किती सापडले. मोठ्या माशाने लहान मासा खाल्ला तर तो मृत्यूच्या रकान्यात येत नाही, मोजदादीतला फरक म्हणून निघतो.

तरीही मत्स्यालयातही एकेकाची नोंद किती मोलाची ठरते, याची दोन उदाहरणे नोंदवून ठेवतो. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 1933 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला एक फुप्फुसमासा, म्हणजे हवेतूनही श्वास घेऊ शकणारा मासा, 2017 च्या फेब्रुवारीपर्यंत जगला. अवयव निकामी होत गेल्यामुळे शेवटी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात 1938 मध्ये आलेली मेथुसेला नावाची फुप्फुसमाशाची मादी आहे. तिचे वय कोणालाच माहीत नव्हते, कारण ती निसर्गातून पकडून आणलेली होती. 2023 मध्ये डीएनएवरील रासायनिक खुणांवरून ते सुमारे 92 वर्षे असावे असा अंदाज आला. तिच्या वयाविषयी पक्की लेखी नोंद एकच होती : 1938 च्या आवकेची ओळ. तेव्हा ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाने हा मासा पुढच्या शतकात विज्ञानाच्या उपयोगी पडेल असा विचार केलेला नसणार. त्याने तारीख आणि ठिकाण नीट लिहिले, एवढे पुरेसे झाले.

28 जुलै 2025

पुण्याहून आलेली बातमी आता पूर्ण स्वरूपात हाती आहे. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात या महिन्यात काही दिवसांतच सोळा चितळ मरण पावले. नमुने अनेक प्रयोगशाळांकडे गेले आणि निदान लाळ्या-खुरकूत असे निघाले.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार घरोघरी माहीत आहे. गाय, बैल, शेळी यांच्या तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते, चारा सोडते. प्रौढ गुरे बहुधा वाचतात. हरणांच्या कळपात मात्र चित्र वेगळे असते. रानटी प्राणी दुखणे दाखवत नाही, त्यामुळे तोंडातले फोड दिसण्याआधीच तो कोसळू शकतो. विषाणू हृदयाच्या स्नायूवर गेला, तर जिवंतपणी काही न दाखवता प्राणी अचानक मरतो, आणि शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे आढळतात. त्यातच चितळाला पकडून तपासायचे म्हटले तर पकडण्याच्या धसक्यानेच तो दगावू शकतो. म्हणजे आजारी प्राण्याला हात लावणेही धोक्याचे आणि न लावणेही धोक्याचे, अशा पेचात तेथील पशुवैद्य सापडले असणार. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

विषाणू आत आणू शकणारे मार्ग ओळखीचेच आहेत : चारा, गाडीची चाके, आसपासची मोकाट गुरे, माणसांचे कपडे. शहराच्या कडेला असलेल्या संग्रहालयाला भोवतालच्या गोठ्यांपासून वेगळे काढता येत नाही. संग्रहालयाच्या कुंपणाबाहेरील पाळीव गुरांचे लसीकरण हा संग्रहालयाच्याच आरोग्यव्यवस्थेचा भाग मानला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

11 ऑगस्ट 2025

कात्रजच्या नोंदीवर आज बराच वेळ चर्चा झाली. कळपातील चितळांना नावे नसतात, बहुतेकांना वेगळी खूणही नसते, त्यामुळे वार्षिक यादीत हे सोळा मृत्यू एकाच ओळीत येतील. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की आपणही गटाची एकच ओळ ठेवावी, म्हणजे टाक्यांतील माशांना लावलेला नियम येथेही लागू होईल. डॉक्टरसाहेबांना ते पटले नाही. प्रत्येक चितळाचे स्वतंत्र शवविच्छेदन होते, स्वतंत्र नमुने जातात. मग ज्याचा स्वतंत्र अहवाल आहे त्याला स्वतंत्र ओळ मिळालीच पाहिजे, मरणापूर्वी त्याची ओळख असो वा नसो. हा युक्तिवाद आम्ही मान्य केला, आणि नियमही तसाच लिहून ठेवला : शवविच्छेदन झालेला प्रत्येक प्राणी, मग तो कळपातला असो किंवा टाकीतला, एक ओळ. सोळा ओळी मांडल्या आहेत. तारीख, लिंग आणि वय हे रकाने अधिकृत अहवालावरूनच भरायचे आहेत, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लाळ्या-खुरकूत लिहून झाले आहे.

पेंग्विनच्या ओळी तपासून डॉक्टरसाहेबांनी परत दिल्या. 2018 च्या पिल्लाच्या ओळीत त्यांनी पीतक-कोशाविषयी दोन वाक्यांची टीप वाढवली आहे, ती तशीच ठेवली. वाघांच्या ओळींना राष्ट्रीय वंशनोंदवहीतील क्रमांक जोडण्याचे काम विद्यार्थिनीकडे आहे. छातीवरच्या ठिपक्यांची रेखाचित्रे मी करतो आहे. बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे उरलेल्या पक्ष्यांची पाहणी गुरुवारी सकाळी, गर्दी वाढण्याआधी करायची आहे. ओरिओ आणि ऑस्कर यांच्यापासून सुरुवात करीन.